वजन कमी करायचं ऑपरेशन, पोटॅशियम आणि साठ दिवसांची पॉलिसी

गेल्या महिन्याभरात इनबॉक्समध्ये पाच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. "सर, तुम्ही ते वजनाचं ऑपरेशन केलंत ना, आम्ही करू का?" कोल्हापूर नाक्यावर मोफत तपासणी शिबिराचा फ्लेक्स लागलाय, त्याचा हा परिणाम असावा. फ्लेक्सवर जुनी ढगळ पँट हातात धरून हसणारा माणूस आणि खाली 'सुलभ हप्त्यांची सोय'. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकतो. पोस्ट मोठी झालीय. घाईत असाल तर रात्री वाचा, पण ज्यांच्या घरात कुणी हे ऑपरेशन केलंय किंवा करणार आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

पहिली गोष्ट, मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. दीड वर्षापूर्वी पुण्यात माझी स्लीव्ह सर्जरी झाली. जठराचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. ११८ किलोचा मी आज ८४ वर आहे. शुगरच्या दोन गोळ्या बंद झाल्या, घोरणं थांबलं (याचा आनंद माझ्यापेक्षा घरच्यांना जास्त), आणि परवा दिवाळीच्या सुट्टीत सदाशिवगड न थांबता चढलो. त्यामुळे "हे सगळं श्रीमंतांचं खूळ आहे, तोंडावर ताबा ठेवला की झालं" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, पण सहमतही होणार नाही. लठ्ठपणा हा आजार आहे, आणि ज्यांना तो आहे त्यांनी तोंडावर ताबा ठेवून पाहिलेला असतोच.

माझी तक्रार ऑपरेशननंतरच्या दिवसांबद्दल आहे. आणि त्या तक्रारीला एक नाव आहे, पोटॅशियम.

मीठ म्हटलं की आपल्याला सोडियम आठवतं. पोटॅशियम आठवत नाही, कारण त्याची चव नाही, जाहिरात नाही. पण आपला प्रत्येक स्नायू त्यावर चालतो, आणि हृदय हाही स्नायूच. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात फक्त दोनेक टक्के. त्या दोन टक्क्यांचा आकडा रिपोर्टवर साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असावा लागतो. ३.५ च्या खाली गेला की कमी. २.५ च्या खाली गेला की जिवाशी खेळ, हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. म्हणजे एका आकड्याच्या फरकात माणूस ठणठणीत आणि माणूस आयसीयूत, असा हा मामला आहे.

ऑपरेशननंतर ७४ व्या दिवशी माझा आकडा २.७ होता.

त्याआधी दोन-तीन आठवडे काय होत होतं ते सांगतो, कारण यातलं काहीच 'मोठं' वाटत नाही. शाळेचा जिना चढताना मांड्या जड व्हायच्या. रात्री पोटऱ्यांत गोळे. पोट साफ होईना. फळ्यावर लिहिताना हात वर धरवेना. अधूनमधून छातीत एखादा ठोका चुकल्यासारखा. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं म्हणणं एकच, "एवढं वजन उतरलंय सर, अशक्तपणा येणारच की." फाईलवर हेल्पलाइनचा नंबर होता, तिथे फोन केला. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलली. "सर, सुरुवातीला वीकनेस नॉर्मल आहे, प्रोटीन पावडर दोन स्कूप करा." दुसऱ्यांदा फोन केला तेव्हाही तेच. तिला दोष देत नाही, तिच्यासमोर जे लिहून ठेवलंय ते ती वाचणार.

शेवटी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी पकडलं. गेली पंचवीस वर्षं तेच बघतात घरातल्या सगळ्यांना. नाडी धरली, ईसीजी काढला, पट्टी बघून म्हणाले, "या लाटा मला चपट्या वाटतायत. आत्ताच्या आत्ता इलेक्ट्रोलाइट्स करा, उद्या नको." संध्याकाळी रिपोर्ट आला, रात्री ॲडमिट. दोन दिवस मॉनिटर लावून सलाईनमधून हळूहळू पोटॅशियम दिलं. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू, तासाला ठरलेल्या मापानं. कारण हेच औषध भसकन शिरेत गेलं तर हृदय थांबवतं.

आता हे का झालं, हे डॉक्टरांनी मला समजावलं आणि मी जमेल तेवढं वाचलं. ते इथे मांडतो, कारण ऑपरेशनच्या आधी मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

एक तर खाणंच कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३,५०० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जायला हवं. नव्या जठरात एका वेळी अर्धी-पाऊण वाटी मावते. त्यात पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ, आणि जे काही जाईल त्यात आधी प्रोटीन बसवायचं. भाजी, फळं, डाळीचं पाणी सगळं मागे पडतं. बायपास केलेल्यांचं तर आतडंही वळवलेलं असतं, त्यांना जुलाबाचा त्रास झाला की त्यातून आणखी जातं.

दुसरं, उलट्या. घास नीट न चावता गिळला, भात-पोळी अडकली, की उलटी. आपल्याला वाटतं उलटीतून पोटॅशियम जातं. तसं थोडंच जातं. खरी गंमत पुढे आहे. उलटीतून जठरातलं आम्ल बाहेर पडतं, रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं, आणि ते सावरण्याच्या नादात मूत्रपिंड पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं. म्हणजे गळती पोटात दिसते आणि तोटी दुसरीकडेच उघडी असते.

तिसरं माझ्या बाबतीत सगळ्यात मोठं ठरलं, बीपीची गोळी. तुमच्याही घरात असेल, म्हणून आत्ता उठून पाकीट बघा. नावाच्या शेवटी 'एच' किंवा 'सीटी' असं काही असेल तर बहुतेक वेळा त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. चांगलं औषध आहे, लाखो लोक वर्षानुवर्षं घेतात. पण ते लघवीतून पोटॅशियम बाहेर काढतं. ११८ किलोच्या, पोटभर जेवणाऱ्या माणसाला ते चालून गेलं. तोच माणूस दिवसभरात चार वाट्या खाणारा झाला, वजनाबरोबर बीपीही उतरलं, तर ती गोळी तशीच चालू ठेवायची का, हे कुणीतरी बघायला हवं होतं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर जुन्या गोळ्यांपुढे एकच शब्द होता, 'कंटिन्यू'. (गोळी आपल्या मनानं बंद करू नका बरं का. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना विचारा.)

यात आपले घरगुती हातभार वेगळेच. ऑपरेशननंतर बद्धकोष्ठ होतं, मग कुणी सोनामुखीचं चूर्ण देतं. रोज जुलाब, त्यातून पोटॅशियम कमी. पोटॅशियम कमी झालं की आतडी मंदावतात, कारण तीही स्नायूच. मग पुन्हा बद्धकोष्ठ, पुन्हा चूर्ण, या वेळी दीड चमचा. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा रोज घेणारे आहेत. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, हे पक्कं माहीत असलेलं आहे. आणि आपला सर्वात लाडका उपाय, "अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची बाटली लावा डॉक्टर." ग्लुकोज गेलं की इन्शुलिन वाढतं, आणि इन्शुलिन रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. आकडा आणखी खाली. शिवाय आठवडा-दोन आठवडे उलट्या होत असलेल्या पेशंटला बी-१ जीवनसत्त्व न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. बाटली मागणाऱ्यांनी आणि लावणाऱ्यांनी दोघांनीही हे लक्षात ठेवावं.

"मग रोज केळं खायचं आणि शहाळं प्यायचं, एवढी काय भानगड?" असं एका मित्रानं मला विचारलं. हिशेब करू. एका मध्यम केळ्यात चारशेच्या आसपास मिलिग्रॅम पोटॅशियम, एक पेला शहाळ्याच्या पाण्यात साधारण चारशे ते सहाशे. डॉक्टरांचा ढोबळ नियम असा, की रक्तातला आकडा ०.३ नं उतरला तर शरीरात एकूण सुमारे चार हजार मिलिग्रॅमची तूट असते. मी ३.५ वरून २.७ ला आलो म्हणजे दहा हजारांच्या वर तूट. केळ्यांत मोजली तर दोन डझन. तीही रोजच्या गरजेच्या वरची. अर्ध्या वाटीच्या जठरात! केळं, शहाळं, मूग-मटकीचं कढण, टोमॅटोचं सार, दही, बटाटा हे सगळं पोटॅशियम उतरू नये म्हणून चांगलं, आणि मी आता रोज काही ना काही त्यातलं घेतो. पण आकडा ३ च्या खाली गेल्यावर केळ्यांच्या भरवशावर राहणं म्हणजे विहिरीला आग लागल्यावर पेल्यानं पाणी मारणं.

तेव्हा औषधच लागतं, आणि तेही मापून. मला घरी आल्यावर सिरप दिलं होतं. चव अशी, की कारल्याचा रस बरा. भरपूर पाण्यात मिसळून, काहीतरी खाल्ल्यावर, घोट घोट घ्यायचं. गोळ्याही मिळतात, पण त्या भल्यामोठ्या असतात आणि अरुंद नळीत अडकून जखम करू शकतात, म्हणून आमच्यासारख्यांना शक्यतो पातळच. आणि सोबत मॅग्नेशियम तपासून घ्या. माझं तेही कमी निघालं. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही ओता, लघवीतून निघून जातं. चाळणीत पाणी.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी मेडिकलमधून सिरपच्या चार बाटल्या आणेल. पोटॅशियम जास्त होणंही तितकंच घातक आहे. ज्यांच्या किडन्या अशक्त आहेत, जे टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेतात, त्यांच्यात ते साठत जातं. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइडच असतं. अशा लोकांनी तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. माझा आकडा बघून तुम्ही डोस ठरवू नका. तुमचा आकडा काढा.

आणि आकडा काढताना एक खबरदारी, ही आपल्या भागासाठी महत्त्वाची. आपल्याकडे रक्त गावात घेतात, मोटारसायकलवरून तालुक्याला जातं, तिथून कधी जिल्ह्याला. वाटेत हिसके बसले किंवा फार वेळ गेला की नमुन्यातल्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. परिणाम काय, तर खरा आकडा ३ असलेल्या माणसाचा रिपोर्ट ३.९ येऊ शकतो. 'सगळं नॉर्मल.' रिपोर्टच्या तळाशी 'हिमोलाइज्ड सॅम्पल' अशी बारीक ओळ असेल तर तो आकडा धरू नका, पुन्हा रक्त द्या. जमलं तर लॅबमध्ये स्वतः जाऊन द्या.

असो. वैद्यकीय शिकवणी पुरे. आता मूळ मुद्दा.

या इलेक्ट्रोलाइट्सच्या तपासणीला काहीशे रुपये लागतात. ऑपरेशनचं पॅकेज काही लाखांचं. मग लाखांच्या पॅकेजमध्ये काहीशे रुपयांच्या चार तपासण्या का नसतात? पहिला महिना, तिसरा, सहावा आणि वर्ष, एवढ्या चार वेळा रक्त तपासा, गोळ्या पुन्हा बघा, पेशंटशी एकदा नीट बोला. माझ्या पॅकेजमध्ये सिंगल एसी रूम होती, नातेवाइकाचं जेवण होतं, परत आणून सोडायला गाडीसुद्धा होती. फॉलो-अपच्या नावाखाली टाके बघायची एक व्हिजिट आणि आहारतज्ज्ञांचा एक छापील कागद होता. तो इंग्रजीत. त्यात ॲव्होकॅडो होतं. कराडच्या मंडईत ॲव्होकॅडो!

आता विम्याचं बघा. लठ्ठपणाच्या ऑपरेशनला पूर्वी बहुतेक पॉलिसी सरळ नाही म्हणायच्या. २०१९ मध्ये विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, नियम घालून दिले. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ च्या वर, बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात न येणारी शुगर असं काही गंभीर, आणि आधी साधे उपाय करून फसलेले हवेत. चांगलं झालं. माझंही ऑपरेशन त्यामुळेच कॅशलेस झालं. म्हणजे पोटात शिरण्याआधी काय काय असलं पाहिजे हे नियामकानं अगदी आकड्यांसकट लिहिलं. पोटातून बाहेर आल्यावर काय असलं पाहिजे, यावर त्या अटींमध्ये एक ओळ नाही.

डिस्चार्जनंतरचा खर्च बऱ्याच पॉलिसी ६० दिवस देतात. सरकारनं ठरवून दिलेल्या 'आरोग्य संजीवनी'तही ६० दिवसच आहेत. महागड्या पॉलिसीत ९०, कुठे १८०. ॲपेंडिक्सला ६० दिवस ठीक आहेत, ॲपेंडिक्स निघालं की विषय संपला. पण या ऑपरेशनमध्ये वजन वर्ष-दीड वर्ष उतरत असतं, आणि लोह, बी-१२, डी, कॅल्शियम यांचं बघणं तर जन्मभराचं. माझा आकडा पडला ७४ व्या दिवशी. विम्याच्या कॅलेंडरप्रमाणे मी चौदा दिवसांपूर्वीच 'बरा' झालेलो होतो. ॲडमिट झालो ते बिल नवीन आजार म्हणून मिळालं, हे खरं. पण त्यानंतर दर पंधरा दिवसांनी केलेल्या तपासण्या, सिरप, मॅग्नेशियम, सगळं खिशातून. गंमत बघा, माणूस आयसीयूत गेला तर कंपनी हजारो रुपये देते, आणि तो आयसीयूत जाऊ नये म्हणून लागणारे काहीशे देत नाही. यात कंपनीचंही नुकसान आहे हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "पेशंटच फॉलो-अपला येत नाहीत, आम्ही काय करणार?" हे खोटं नाही. जगभर हाच अनुभव आहे, पहिल्या वर्षानंतर लोक येणं सोडतात. पण का येत नाहीत ते बघा ना. कराडहून पुणं १६० किलोमीटर. जायला-यायला पूर्ण दिवस, एक रजा, बरोबर एक माणूस, गाडीचं डिझेल. आणि तिथे गेल्यावर बाहेर दोन तास बसवून आत पाच मिनिटांत "छान, वजन मस्त उतरलंय" एवढंच ऐकायचं असेल, तर कोण जाईल? त्यापेक्षा इथल्याच लॅबमध्ये रक्त द्या, रिपोर्ट मोबाईलवर पाठवा, तिकडून एका जाणकार माणसानं फोन करावा, आणि आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना एक चिठ्ठी असावी, की या पेशंटचं हे झालंय, अशक्तपणा म्हणाला तर आधी हे तपासा. त्या चिठ्ठीला खर्च किती? तिच्याअभावी आमचे डॉक्टर अंदाजानं चालले होते. त्यांचा अंदाज बरोबर निघाला, पण प्रत्येक गल्लीत असा डॉक्टर असतोच असं नाही.

आपल्याला या ऑपरेशनची ओळख झाली ती बातम्यांमधून. २०११ मध्ये नितीन गडकरींनी करून घेतलं तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद मुंबईला आल्या, त्यांना क्रेननं उचलून आत नेतानाची दृश्यं टीव्हीवर दिवसभर चालली, आणि मग रोज एकच आकडा, आज किती किलो उतरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्या गेल्या. त्यांचा आजार फार गुंतागुंतीचा होता, त्यावर मी बोलणार नाही. मी बोलतोय ते आपल्या बघण्यावर. आपल्याला फक्त किलोचा आकडा दाखवतात आणि आपणही तोच बघतो. माझ्या व्हॉट्सॲपवर अजून "किती उतरलं?" असंच विचारतात. पोटॅशियम किती, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही.

तर इनबॉक्समधल्या पाच जणांना उत्तर. करायचं असेल तर करा, डॉक्टरांशी दोनदा बोलून करा. पण पैसे भरण्याआधी समोरच्या टेबलावर विचारा: तिसऱ्या महिन्यात माझं रक्त कोण तपासणार, रिपोर्ट कोण बघणार, त्याचा फोन नंबर काय, रविवारी तो उचलला जातो का? माझ्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या कोण आणि कधी बदलणार? आणि हे सगळं कागदावर, मराठीत द्या. "ते आमची टीम बघते" हे उत्तर धरू नका. शिबिराला जाणाऱ्यांनी तर तिथेच, चारचौघांत, मोठ्यानं विचारा. बाकीचेही ऐकतील.

ज्यांचं ऑपरेशन झालंय आणि जिना चढताना पाय जड वाटतायत, पोटऱ्यांत गोळे येतायत, ठोका चुकतोय, त्यांनी ही पोस्ट शेअर करत बसू नये. उद्या सकाळी रक्त द्या. धडधड जास्त असेल, चक्कर येत असेल तर सकाळचीही वाट बघू नका.

मी माझ्या आमदारांना आणि विमा नियामकाला एक निवेदन लिहिलंय. मागण्या दोनच आहेत: या ऑपरेशनसाठी डिस्चार्जनंतरचा विमा ६० दिवसांऐवजी किमान एक वर्ष असावा, आणि चार तपासण्या पॅकेजचाच भाग असाव्यात, वेगळं बिल नको. सोमवारी देतोय. सह्या करायच्या असतील त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात या. आणि कमेंटमध्ये एवढं सांगा, की आपल्या तालुक्यात रविवारी इलेक्ट्रोलाइट्सचा रिपोर्ट त्याच दिवशी देणारी लॅब कुठली? मला दोन सापडल्यात. आणखी असतील तर यादी करून इथेच पिन करतो.